सावडीचा हात

अंजलीचा आवाज लासुर्ण्यात तिच्या आधी पोचला, आणि सहा आठवडे तिच्याशिवायच तिथं मुक्कामाला राहिला.

त्याचं असं झालं. बारामतीच्या एमआयडीसीत दोन खोल्यांची एक कंपनी होती. मालक ऋषिराज, वय एकतीस, बोलताना दर तिसऱ्या वाक्यात 'डॅशबोर्ड' म्हणायची सवय. त्यानं रक्तदाब मोजायचं एक बोलकं यंत्र बनवलं होतं, नाव 'सखी'. घरात ठेवायचं, रोज दंडाला पट्टा बांधायचा, आकडा आपोआप डॉक्टरांच्या पडद्यावर जायचा. आतलं सगळं ऋषिराजचं. पण यंत्र दिसावं कसं, त्याला बटणं किती असावीत, त्यानं काय बोलावं आणि कधी बोलावं, हे अंजलीचं काम. ती इंदापूरची, पुण्यात याच विषयाचं शिक्षण घेऊन आलेली, आणि सखी हे तिच्या हातून घडलेलं पहिलंच काम. तिनं बटण एकच ठेवलं, मोठं, हिरवं. आवाजासाठी पुण्याहून एक बाई बोलावली होती. पण ती 'रक्तदाब' हा शब्द असा काही उच्चारायची की ऐकणाऱ्याचा तिथंच वाढावा. शेवटी अंजलीनं स्वतःच कपाटाशी गोधडी टांगून, तिच्याआड उभं राहून सगळी वाक्यं म्हटली.

"नमस्कार, सिंधुबाई. आपला रक्तदाब मोजायची वेळ झाली आहे. कृपया पाच मिनिटं शांत बसा. बोलू नका."

अशी बारा यंत्रं, प्रत्येकात वेगळं नाव. सकाळी सातला यंत्र बोलू लागायचं, आणि मोजेपर्यंत दर दहा मिनिटांनी आठवण करायचं. वेळ डॉक्टरांनी ठरवली होती: सकाळी, गोळीच्या आधी, शांत बसून. अंजलीनं ते सगळं तसंच्या तसं यंत्रात बसवलं. चाचणी घेतली ती ऑफिसातल्या मुलींवर आणि आपल्या आईवर. आई खुर्चीत बसून पाच मिनिटं शांत राहिली, यंत्र गोड बोललं, आकडा आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजवल्या नाहीत ते एकट्या भानुदासांनी. भानुदास म्हणजे अंजलीचे वडील. वालचंदनगरच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. आता निवृत्त होऊन घरातले पंखे दुरुस्त करत बसायचे, बिघडलेले आणि न बिघडलेलेही.

"लासुर्ण्याला जाऊन आलीस का?" त्यांनी विचारलं.

"ऋषिराज जाणार आहे वाटायला. मी पुढच्या आठवड्यात जाईन."

"मशिन जिथं चालवायचं, तिथं एक दिवस उभं राहावं माणसानं. ऑफिसात सगळीच मशिनं चालतात."

"हो बाबा," अंजली म्हणाली. तो पुढचा आठवडा काही आला नाही. पडद्यावरचा हिरवा रंग जरा गडद हवा की फिका, यातच दिवाळी निघून गेली.

यंत्रं वाटायच्या दिवशी शाळेच्या वर्गात बारा बाया जमल्या होत्या. गावच्या नकोशी नावाच्या आशा सेविकेनं त्या गोळा केल्या होत्या. सगळ्यांना रक्तदाबाचा त्रास, सगळ्यांना बारामतीच्या एकाच दवाखान्याच्या गोळ्या चालू. ऋषिराजनं सगळ्यांना एकदम हिरवं बटण दाबायला लावलं आणि बारा यंत्रांतून अंजली एका सुरात बोलली, "घाबरू नका. ही तुमची परीक्षा नाही. ही मशिनची परीक्षा आहे. चुकलं तर मशिन चुकलं, तुम्ही नाही."

हे वाक्य अंजलीच्या कॉलेजात पहिल्याच महिन्यात शिकवतात. नवी वस्तू हातात घेणारा माणूस बुजू नये म्हणून आधी हे सांगायचं असतं. वाक्य चांगलंच आहे. बायांनाही ते फार आवडलं. सिंधुबाईंनी तर पुन्हा बटण दाबून दोनदा ऐकलं.

"म्हंजी परीक्षा मशिनची?"

"मशिनचीच," ऋषिराज म्हणाला.

"मग ठीक हाय," सिंधुबाई म्हणाल्या आणि यंत्र पदराखाली घेऊन घरी गेल्या.

आणि मग आकडे यायला लागले. काय ते आकडे! एकशे अठरा, एकशे सोळा, एकशे वीस. बारा बाया, सहा आठवडे, एक दिवस कुणाचा चुकला नाही. असल्या यंत्रांचा अनुभव असा की पहिला आठवडा हौसेचा, दुसरा कंटाळ्याचा, आणि तिसऱ्या आठवड्यापासून यंत्र टीव्हीच्या मागं पडलेलं असतं. इथं खाडा नाही. ऋषिराजनं तो हिरवागार आलेख छापून घेतला आणि ऑफिसच्या दारावर लावला. कुरिअरवाल्यालासुद्धा तो समजावून सांगायचा.

डॉ. राजनंदिनी म्हणजे त्या दवाखान्याच्या मुख्य डॉक्टर. बाई हुशार, कडक, आणि दिवसाला ऐंशी पेशंट बघणाऱ्या. डॉक्टरांना वेळ नसतो, हे ओळखून अंजलीनं त्यांच्या पडद्यावर प्रत्येक बाईपुढं फक्त एक ठिपका आणि एक आकडा ठेवला होता. वेळबिळ सगळं झाकून टाकलं होतं. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचे बारा हिरवे ठिपके पाहिले आणि म्हणाल्या, "गोळ्या जास्त होताहेत यांना. सोमवारी सगळ्यांना बोलवा, डोस निम्मा करू. आणि तुमचं मशिन मी आणखी तीनशे घरांत द्यायला सांगते."

ऋषिराजनं पेढे आणले. अंजलीनं आपला पेढा कागदात गुंडाळून खणात ठेवला.

कारण झाकलेल्या वेळा तिला एकटीला दिसत होत्या. सिंधुबाई सात वाजून दोन मिनिटं. साखरबाई सात आठ. पुढची सात चौदा, त्यापुढची सात वीस. रोज तोच क्रम, रोज सहा-सहा मिनिटांचं अंतर. इंदापूरच्या स्टँडवर एसटीसुद्धा कधी इतकी वेळेवर सुटली नव्हती.

तिनं ते ऋषिराजला दाखवलं. तो म्हणाला, "शिस्त म्हणतात याला."

"आणि आकडे? बारा जणींचे सारखे?"

"एक गाव, एक पाणी, एक हवा. अंजली, आपलं काहीतरी चांगलं झालंय, ते तुला सोसत का नाही?"

अंजलीनं वेळा पुन्हा झाकून टाकल्या. खरं सांगायचं तर तिलाही ते खरं असायला हवं होतं. पहिलंच काम, तीनशे घरं, दारावर लावलेला आलेख. लासुर्णं पंचवीस किलोमीटरवर, खाली स्कूटी उभी. पण गेलं आणि काही निघालं तर? न गेलेलं बरं, असं मन म्हणत होतं, आणि त्या मनाची तिला लाजही वाटत होती. सोमवारच्या आधी डॉक्टरांशी बोलायचं असं तिनं शुक्रवारी ठरवलं, आणि शनिवारवर ढकललं.

शनिवारी सकाळी सातलाच ती ऑफिसात आली तेव्हा पडद्यावर एक ठिपका लाल झाला होता. सिंधुबाई, एकशे ब्याण्णव. ती बघते आहे तोवर दुसरा लाल झाला. साखरबाई, एकशे चौऱ्याण्णव. मग तिसरा, मग चौथा. पाचवा ठिपका लाल झाला तेव्हा ऋषिराजच्या हातातला चहा दारावरच्या आलेखावर सांडला.

"गावाच्या पाण्यात काही पडलं का?" तो ओरडला. "फवारणीचं औषध? जेवणावळ होती का कुठं?"

तेवढ्यात डॉ. राजनंदिनींचा फोन आला. त्यांच्याही पडद्यावर लाल माळ लागली होती. "एकाच गावात पाच बायकांचं एकदम एकशे नव्वदच्या वर? मी अँब्युलन्स घेऊन निघते आहे. तुमच्यातलं कुणीतरी चला."

ऋषिराज डॅशबोर्ड सोडायला तयार नव्हता. अंजली धावत रस्त्यावर आली आणि अँब्युलन्समध्ये चढली. बायांना फोन लावले, एकीनंही उचलला नाही. नकोशी इंदापूरला मिटिंगला गेली होती, ती म्हणाली, "काल सांजच्याला समद्या टुणटुणीत हुत्या की ओ!" मग तिनंही घाबरून रडायला सुरुवात केली.

बिरू ड्रायव्हरनं भोंगा चालू केला, पण कारखाने सुरू झाले होते आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. प्रत्येकामागं दोन-दोन ट्रॉल्या, आणि गाणी अशी मोठ्यानं लावलेली की भोंगा आत ऐकू जाईना. बिरू खिडकीतून डोकं काढून ट्रॅक्टरवाल्यांच्या खानदानाची चौकशी करत होता. तिकडून ऋषिराज फोनवर समालोचन करत होता, "सहावी लाल! मॅडमना सांग, सातवी गेली! म्हणजे गेली नाही, लाल झाली!" बारा बाया आणि बारा हिरवी बटणं अंजलीच्या डोळ्यांपुढं नाचत होती. काल बोलायला हवं होतं, परवा बोलायला हवं होतं, हे एवढंच तिच्या डोक्यात चाललं होतं.

लासुर्णं आलं. फाट्यावरच कांद्याचं रान होतं, आणि रानात बाया ओळीनं खुरपत बसल्या होत्या. मोठमोठ्यानं बोलत होत्या, हसत होत्या. अँब्युलन्स बांधाशी थांबली तशी ओळीतली एक बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कोण गेलं गं?" तिनं विचारलं.

"लासुर्ण्याच्या सिंधुबाई कुठं राहतात?" डॉक्टरांनी खाली उडी मारत विचारलं.

"मीच की सिंधुबाई."

डॉक्टर जागच्या जागी थांबल्या. मग भानावर येऊन म्हणाल्या, "खाली बसा. आधी खाली बसा! बोलू नका. चक्कर येते आहे? छातीत दुखतंय?"

"मला काय धाड भरलीय?" सिंधुबाई म्हणाल्या, पण डॉक्टरांचा चेहरा बघून बसल्या. डॉक्टरांनी आपल्या पट्ट्यानं मोजलं. एकशे अठ्ठावन्न. साखरबाईंना ओढून बसवलं. एकशे बावन्न. तिसरी एकशे शेहेचाळीस. एकशे नव्वद कुणाचंच नव्हतं, पण एकशे अठराही कुणाचं नव्हतं.

"सिंधुबाई, सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी तुमचं एकशे ब्याण्णव होतं."

"सातला? सातला मी म्हशीखाली हुते, धार काढत."

अंजली पुढं झाली. "सिंधुबाई, तुमचं मशिन कुठं आहे?"

एवढं वाक्य ऐकलं मात्र, साखरबाईंनी खुरपं टाकून तोंडावर हात घेतला. "अगं बया! ही ती! मशिनीतली पोरगी! 'बोलू नका' म्हणती ती!" सगळ्या बाया उठून अंजलीला बघायला जमल्या. एकीनं तर तिच्या हनुवटीला हात लावून बघितलं. "एवढीशीच हाय की गं. आवाजावरनं मास्तरीणबाई वाटली हुती."

"मशिन कुठं आहे?" अंजलीनं पुन्हा विचारलं.

"गोजरआक्काकडं," सिंधुबाई म्हणाल्या. "समद्यांची तिथंच असत्यात."

"तिथं का?"

सिंधुबाईंनी मग समजावून सांगितलं, अगदी लहान मुलाला सांगावं तसं. "ह्या बारा जणींची आमची सावड हाय. आज हिच्या रानात समद्या, उद्या तिच्या रानात समद्या. हात घ्यायचा, हात फेडायचा. गोजरआक्काबी सावडीतली, तेरावी. तिचा पाय मोडला दिवाळीच्या तोंडाला, गोठ्यात घसरली. पोरगा ट्रकवर, महिन्यानं येतो. मग तिच्या म्हशीची धार आमी काढतो, तिचा कांदा आमी खुरपतो. ह्यो तिचाच कांदा. पण आक्का मानी हाय. ती म्हणाली, फुकट हात घ्यायची न्हाय, मला बसून व्हईल असं काम द्या. आता तुमीच सांगा, आमच्यात बसून करायचं काम कंचं? तेवढ्यात तुमचं मशिन आलं. ते म्हणतं सकाळी सातला पाच मिनिटं शांत बसा. सातला धार, आठला रान. शांत बसायला मोकळी एकटी आक्का!"

"म्हणजे सहा आठवडे बारा जणींचा रक्तदाब..." डॉक्टरांना वाक्य पुरं करवेना.

"आक्काच्या हातावर. येकदाबी चुकीवला न्हाय तिनं."

"पण सिंधुबाई, मोजायचा तुमचा होता!"

"आता गं बया! हिनंच सांगितलं न्हवं?" सिंधुबाईंनी अंजलीकडं बोट केलं. "'ही तुमची परीक्षा नाही, ही मशिनची परीक्षा आहे.' मी दोनदा ऐकलं. मशिनची परीक्षा म्हणल्यावर मशिनला हात कुणाचाबी चालंल. आन् हात कुणाचा, हे मशिननं कधी इचारलं?"

मशिननं खरोखरच कधी विचारलं नव्हतं.

डॉ. राजनंदिनी मात्र दुसरंच काहीतरी मोजत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "मग एकशे ब्याण्णव कुणाचं आहे?"

तेव्हा कुठं सगळ्यांच्या ध्यानात आलं. मग बारा बाया, एक डॉक्टर, एक ड्रायव्हर आणि अंजली अशी सगळी वरात कांद्यातून धावत सुटली, आणि आक्काचा कांदा तुडवला म्हणून धावता धावता साखरबाईंनी बिरूला शिव्याही दिल्या.

गोजरबाईंचं घर रानाला लागूनच होतं. ओसरीवर बाज, बाजेवर भिंतीला टेकून पासष्टीची एक बारकी बाई, पायाला प्लास्टर. समोर फळीवर बारा यंत्रं ओळीनं मांडलेली, आणि बाराच्या बारा अंजलीच्या आवाजात मागंपुढं बोलत होती. "साखरबाई, आपला रक्तदाब जास्त आहे." "सिंधुबाई, पुन्हा मोजा." "कृपया शांत बसा." "बोलू नका." "पुन्हा मोजा." आपलाच आवाज इतक्या तोंडांनी असा अंगावर आलेला अंजलीनं कधी ऐकला नव्हता. यांतलं एक जरी यंत्र तिच्या घरात असतं तरी तिनं ते आडात टाकलं असतं.

गोजरबाईंचा चेहरा लालबुंद झाला होता, डोळे अर्धवट मिटलेले. दंडाला पट्टा तसाच. सिंधुबाईंना बघून त्या उठायला बघू लागल्या.

"सिंधे, आलीस व्हय? अगं, तुजं लई वाढलंय! साखरीचंबी वाढलंय, समद्यांचं वाढलंय! मला काय सुधरंना. सांगावा धाडायचा तर वाटंनं कुणी जाईना. तुमी कुणी उन्हात जाऊ नगा गं, घरी जाऊन पडा."

"आक्का," सिंधुबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, "आमचं न्हाय वाढलं. तुजं वाढलंय."

"माजं? माजं मशिन कुठं हाय?"

ते खरंच होतं. तेरा बायांत यंत्र नसलेली ती एकटी. तिला रक्तदाबाचा त्रास कधी नव्हता, म्हणून यादीत नाव नव्हतं. यंत्रानं साखरबाईंचं नाव घेतलं की तिला साखरबाईंची काळजी लागायची, सिंधुबाईंचं घेतलं की सिंधुबाईंची. स्वतःचं डोकं आदल्या संध्याकाळपासून ठणकत होतं, डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. पण ते कोण विचारतं?

डॉक्टरांनी मोजलं. एकशे शहाण्णव. त्या भराभर तपासू लागल्या. उशाखाली दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं निघाली, दुकानातून आणलेली, दिवसाला तीन-चार या हिशेबानं दीड महिन्यात रिकामी केलेली. आणि कोनाड्यात लोणच्याच्या बरण्या निघाल्या. कैरी, लिंबू, मिरची, करवंद. शिवाय पापड, सांडगे, खारातली मिरची. बारा जणींनी भाकरीबरोबर प्रेमानं आणून दिलेल्या.

"हे सगळं खाता?"

"पोरी इतक्या मायेनं देत्यात. कुणाला न्हाय म्हणू?"

"गोळ्यांनी आणि मिठानं वाढलंय. आणखी दोन दिवस असंच गेलं असतं तर..." डॉक्टरांनी बायांकडं बघितलं आणि पुढचं गिळलं. "चला, आत्ताच्या आत्ता बारामतीला."

पण गोजरबाई हलेनात. फळीवरच्या शेवटच्या तीन यंत्रांकडं बोट करून म्हणाल्या, "तिघींचं राह्यलंय. सावड अर्धी टाकून कशी येऊ?"

अंजली बाजेशी गुडघ्यांवर बसली. तिनं त्यांच्या दंडाचा पट्टा सोडवला आणि यंत्रात बोलायची तशीच, पण फार हळू म्हणाली, "आजी, आता शांत बसा. बोलू नका."

गोजरबाईंनी डोळे पूर्ण उघडून तिच्याकडं बघितलं. चेहराभर ओळख पसरली.

"तू व्हय गं," त्या म्हणाल्या. "रोज बोलत हुतीस. मी रोज उत्तर देत हुते, तुला ऐकू जात हुतं का?"

अंजलीनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिलाही कळलं नाही. तिला रडू आवरेना. बिरूनं आक्कांना अलगद उचललं, आणि त्या मुकाट्यानं गेल्या.

सोमवारी ज्या वेळेला बारा जणींच्या गोळ्या निम्म्या व्हायच्या होत्या, त्या वेळेला डॉक्टरांच्या खोलीत ऋषिराज आणि अंजली बसले होते. ऋषिराजनं रविवारभर खपून नवा आलेख तयार केला होता. मथळा होता, 'सखीनं वाचवला जीव'.

"खोटं कुठं आहे यात?" तो बाहेर म्हणाला होता. "जीव वाचलाच ना? सहा आठवड्यांचं कशाला उकरायचं?"

आत गेल्यावर त्यानं तोंड उघडायच्या आधीच अंजली उभी राहिली. तिनं झाकलेल्या वेळा उघडून डॉक्टरांपुढं ठेवल्या. "मॅडम, हे सगळे आकडे एका हाताचे आहेत. चाचणी फसली आहे. आणि हे मला आधी दिसलं होतं. सात दोन, सात आठ, सात चौदा. मी बोलले नाही. मला ते खरं असायला हवं होतं."

डॉ. राजनंदिनींनी त्या वेळांवरून एकेक करून बोट फिरवलं. मग त्या जे बोलल्या ते इथं सांगण्यासारखं नाही. दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसलेले पेशंटही सावरून बसले. बारा बाया, निम्म्या गोळ्या, अर्धांगवायू, या शब्दांनी अंजलीचे कान पेटले, आणि ते पेटायलाच हवे होते असं तिला वाटलं. शेवटी डॉक्टर पाणी प्यायल्या आणि थकून म्हणाल्या, "बारा बायांचा आकडा सारखा येतोय, हे मलाही खटकायला हवं होतं. तुम्ही ठिपका दाखवलात आणि मी ठिपक्याला भुलले. तीनशे घरं विसरा. पहिल्यापासून करा."

संध्याकाळी भानुदासांनी सगळं ऐकून घेतलं. पंख्याचं पातं पुसत म्हणाले, "मी एक दिवस म्हणालो होतो. आता आठवडाभर राहा."

ती राहिली, नकोशीच्या घरी. पहाटे म्हशीखाली बसली, लाथ खाल्ली. दुपारी कांदा खुरपताना तीन वेळा कांदाच उपटला. लासुर्ण्यात खुर्ची कुठं असते, ती कुणासाठी असते, आणि बाई पाच मिनिटं बसली तर घरातले काय म्हणतात, हे तिनं वहीत लिहून घेतलं. यंत्राची सकाळ तिनं काढून टाकली. डॉक्टरांनी भांडून भांडून संध्याकाळ मान्य केली. रानातून परतताना सगळ्या जणी गोजरबाईंच्या ओसरीवर टेकतातच, तर मोजणी तिथंच. अकरा यंत्रं परत गेली आणि एकच राहिलं. ते आता नमस्कार करायच्या आधी विचारतं, "हात कुणाचा?"

गोजरबाई चार दिवसांत घरी आल्या होत्या. लोणचं बंद, दुकानातल्या गोळ्या बंद. सावड मात्र चालू. "हात फिटला, आता सावडीत माज्याकडनं जागा," त्यांनी बजावलं होतं. कुणाचा नंबर आधी, कुणाचा मागं, हे त्याच ठरवायच्या, आणि मोजणी चालली असताना कुणी बोललं की काठी आपटायच्या. आकडे आता वेडेवाकडे यायचे. कुणाचा एकशे साठ, कुणाचा एकशे चाळीस. डॉक्टरांच्या पडद्यावर वेळेसकट सगळं दिसायचं. ते पाहून डॉक्टर म्हणाल्या, "आता कशा माणसं असल्यासारख्या दिसतात."

आठवड्याच्या शेवटी निघताना अंजलीनं यंत्र गोजरबाईंपुढं ठेवलं. आदल्या दिवशी नकोशीच्या कोठीच्या खोलीत, पोत्यांच्या आड उभं राहून तिनं एक वाक्य नव्यानं म्हणून घेतलं होतं. तिनं हिरवं बटण दाबलं.

"हात कुणाचा?" यंत्रानं विचारलं.

"माजा, गोजरबाईचा," गोजरबाई म्हणाल्या. त्यांनी बाही वर केली.

"नमस्कार, गोजरबाई. आपला रक्तदाब मोजायची वेळ झाली आहे."

गोजरबाईंचा हात तसाच अर्ध्यावर राहिला. सहा आठवडे, रोज बारा नावं त्यांनी ऐकली होती. त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि यंत्राकडं नाही, अंजलीकडं बघून म्हणाल्या, "पुन्यांदा म्हण की."

अंजलीनं पुन्हा बटण दाबलं. यंत्र पुन्हा बोललं. मग आणखी एकदा.

"आक्का, अंधार पडंल, माजा नंबर कवा यायचा?" सिंधुबाई मागून म्हणाल्या.

गोजरबाईंनी काठी आपटली. "गप बस सिंधे. पोरगी काय सांगतीय ऐकू येत न्हाय का? बोलू नका म्हणतीय." आणि दंड पुढं करून, डोळे मिटून, त्या पाच मिनिटं शांत बसल्या.